पुष्करिणीच्या पायऱ्या

लोणी भापकर येथील मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळची दगडी पुष्करिणी पाहताना, ज्या जिरायती मुलुखात घागरभर पाण्याचाही हिशेब ठेवावा लागे, तेथे जलाशयावर एवढे शिल्पवैभव का उधळले गेले, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. उत्तर बहुधा स्नान आणि शुचिता यांच्या अभिमानात आहे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त लावून दिलेला दिनचर्येचा क्रम, म्हणजे ब्राह्ममुहूर्ती उठणे, दंतधावन, मस्तक, कान व पाय यांना विशेषेकरून तेल, अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम आणि मग स्नान, हा ग्रंथ न उघडलेल्या घरांतही दिवाळीच्या अभ्यंगाच्या आणि काशाच्या वाटीने तळपाय घासण्याच्या रूपाने टिकून राहिला, ऊन पाणी अंगावर घ्यावे, डोक्यावर नव्हे, हा त्यातला बारकावा मात्र आमची न्हाणीघरे साफ विसरली.

पण शुचितेच्या या अभिमानाला एक खोट होती. पुष्करिणीसारख्याच पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी पाय बुडवी, कृमीची पिले पाण्यातील सूक्ष्म जीवांत शिरत, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने दोऱ्यासारखा कृमी डोके काढी, जो काडीला गुंडाळून रोज थोडथोडा ओढावा लागे. पाणी गाळण्याचे दुपदरी फडके आणि पायऱ्या बुजवण्याचा सरकारी बंदोबस्त यांना यश येऊन २००० साली देश नारूमुक्त ठरला.