विमागणित : एका शास्त्राची जन्मकथा

विमा हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांना नवा राहिलेला नाही. हप्ता भरल्याची पावती देव्हाऱ्याच्या कोनाड्यात नाहीतर ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली असते. पण मंडळी, हा हप्ता इतकाच का, याचा विचार आपण कधी केला आहे काय? तिशीच्या माणसाला एक आकडा सांगतात, पन्नाशीच्या माणसाला दुसरा. हे कोणत्या पंचांगातून काढतात? मरण कधी येणार हे तर कोणालाच ठाऊक नाही. मग त्यावर पैशांचा करार करायचा तरी कसा?

हे कोडे सोडवणाऱ्या माणसाला ॲक्च्युअरी म्हणतात. आपण त्याला विमागणितज्ञ म्हणू आणि त्याच्या शास्त्राला विमागणित. आज आपल्या देशातही महाविद्यालयांतून या विषयाची पदवी घेता येते. गणितात चलाख असलेला एखादा विद्यार्थी उद्या गुरुजींनाच विचारील, "गुरुजी, हा विषय आहे तरी काय?" त्याला उत्तर द्यायचे तर या शास्त्राचा जन्म कसा झाला, तेच सांगावे हे उत्तम.

ही कथा लंडन शहरात सुरू होते. प्लेगच्या धास्तीने तिथे दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापून निघत. लोक त्या विकत घेत, वाचत, आणि टाकून देत. जॉन ग्रॉंट नावाच्या एका व्यापाऱ्याने मात्र अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या आणि १६६२ साली त्यांवर एक पुस्तक लिहिले. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी छत्तीस मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावतात, असा त्याचा अंदाज होता. अंदाजच म्हणायचा, कारण त्या याद्यांत मेलेल्याचे वय लिहिलेले नसे. पण एक मोठी गोष्ट त्याने दाखवून दिली. एकेका घरात मरण अवचित येते; सबंध शहराकडे पाहिले तर त्यालाही काही नेम असतो.

वय नोंदवलेली वही सापडली ती ब्रेस्लाऊ या गावात. हे शहर आता पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. तिथले धर्मोपदेशक कास्पार नॉयमान यांनी जन्ममृत्यूच्या नोंदी वयासकट जमवल्या होत्या. त्या लंडनला एडमंड हॅली यांच्या हाती आल्या. ज्यांच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो, तेच हे हॅली. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी १६९३ साली एक कोष्टक प्रसिद्ध केले. एक वर्षाची हजार मुले धरली, तर दहाव्या वर्षी त्यांतली ६६१ उरतात. विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या वर्षी ४४५, साठाव्या वर्षी २४२ आणि ऐंशीव्या वर्षी अवघी ४१.

आता याचा उपयोग पाहा. इंग्लंडचे सरकार त्या काळी वर्षासने विकत असे. वर्षासन हा शब्द आपल्याला पेशवाईपासून माहीत आहे. एकदा रक्कम भरायची आणि हयात असेपर्यंत दरसाल ठरलेले पैसे घ्यायचे. गंमत अशी, की विशीच्या पोराला आणि साठीच्या म्हाताऱ्याला सरकार एकच किंमत लावी! हॅलींनी सहा टक्के व्याज धरून हिशेब मांडला. विसाव्या वर्षी घेतलेल्या वर्षासनाची खरी किंमत त्याच्या जवळजवळ पावणेतेरा पट होते, साठाव्या वर्षी साडेसात पटीच्या थोडी वर, आणि सत्तराव्या वर्षी सव्वापाच पटीच्या आसपास. आयुष्याची शक्यता आणि चक्रवाढ व्याज या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, आणि विमागणिताचा पाया पडला.

पण कोष्टक कागदावर राहिले तर विधवेच्या चुलीला त्याचा काय उपयोग? ते काम केले स्कॉटलंडातल्या दोन पाद्र्यांनी. तिथे पाद्री वारला, की त्याच्या बायकोला जेमतेम सहा महिन्यांचे वेतन मिळे, आणि चर्चने दिलेले घरही सोडावे लागे. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर यांनी ठरवले, की यावर कायमचा उपाय काढायचा. दया, धर्म, वर्गणी या वाटेने ते गेले नाहीत. त्यांनी गावोगावच्या धर्मसभांना पत्रे लिहून माहिती मागवली: पाद्री किती, दरसाल किती वारतात, मागे विधवा किती राहतात, पोरकी मुले किती. उत्तर असे आले, की सुमारे ९३० पाद्र्यांपैकी दरसाल २७ वारतात आणि त्यांतल्या अठरांच्या मागे विधवा उरते. एडिंबरो विद्यापीठातले नामांकित गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांनी ते हिशेब तपासले. १७४४ साली निधी सुरू झाला. १७६५ साली निधीत ५८,३४८ पौंड शिल्लक असतील असे भाकीत होते. प्रत्यक्षात शिल्लक भरली त्याहून एक पौंड कमी! ज्योतिषाला असे भविष्य वर्तवता येईल काय?

तरी एक अडचण उरली होती. हॅलींच्या हिशेबाने विशीतला माणूस वर्षभरात मरण्याची शक्यता शंभरास एक, तर पन्नाशीतल्या माणसाची अडतिसास एक. म्हणजे खर्च आणि व्याज बाजूला ठेवले, तर एक हजार रुपयांच्या एका वर्षाच्या विम्याला विशीत सुमारे दहा रुपये पडावेत आणि पन्नाशीत सव्वीसच्या आसपास. पुढे तर आकडा वाढतच जाणार. हातपाय थकले, मिळकत आटली, की नेमका त्याच वेळी हप्ता डोईजड! मग माणूस विमा सोडून देतो आणि आजवरचे सारे पाण्यात जाते.

यावरचा तोडगा जेम्स डॉडसन या लंडनच्या गणितशिक्षकाचा. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले म्हणून एका विमा मंडळीने त्यांना नाकारले होते. त्यांनी मनाशी म्हटले असेल, की वयाप्रमाणे हप्ता घ्या, पण कोणाला दारातून परत पाठवू नका. त्यांची युक्ती आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. सुगीत जास्तीचे धान्य कणगीत भरून ठेवायचे आणि पावसाळ्यात तेच काढून खायचे. तरुणपणी गरजेहून थोडा अधिक हप्ता घ्यायचा, तो व्याजाने वाढवायचा, आणि उतारवयात कमी पडेल तेवढा त्यातून भरून काढायचा. म्हणजे हप्ता जन्मभर एकच. डॉडसन १७५७ साली वारले. त्यांच्या विचारावर उभी राहिलेली 'इक्विटेबल' ही संस्था १७६२ साली निघाली. ॲक्च्युअरी हे पदनाम विम्याच्या व्यवहारात रूढ झाले ते याच संस्थेपासून.

पण या कणगीत एक धोकाही असतो, बरं का. आज भरलेली दिसली, की ती नफा म्हणून वाटून टाकण्याचा मोह होतो. ते धान्य वीस वर्षांनंतरच्या विधवेचे आहे, हे कोणीतरी ठणकावून सांगावे लागते. विमागणितज्ञाचे खरे काम ते. हे काम जबाबदारीचे, म्हणून १८४८ साली लंडनला त्यांची संस्था निघाली आणि परीक्षा सुरू झाल्या. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या आरंभीच हा विषय वर्गात शिकवायला घेतला.

आपल्याकडे काय झाले? १८१८ साली कलकत्त्याला पहिली आयुर्विमा कंपनी निघाली, ती युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा घेतला, तरी त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने हिंदी माणसाला बरोबरीच्या दराने विमा दिला. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे दर आणि ठेव्यांचे मूल्यमापन विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक झाले. मुंबईच्या 'ओरिएंटल' कंपनीने १९२५ ते १९३५ या काळातल्या आपल्याच विमेदारांच्या अनुभवावरून कोष्टक बसवले. परक्याच्या आयुष्यावरून आपले आयुष्य मापण्याचे दिवस मागे पडू लागले. १९ जानेवारी १९५६ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तीही रेडिओवरूनच. २४५ संस्थांचा कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. भारतीय विमागणितज्ञांची संस्था १९४४ सालची. २००६ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला.

तेव्हा ज्या विद्यार्थ्याला हा अभ्यास करायचा असेल, त्याने काय ध्यानात ठेवावे? गणित आणि संख्याशास्त्र पक्के हवे. त्याच्या जोडीला व्याजाचे गणित, अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र हवे. पदवी हा पहिला टप्पा. संस्थेच्या परीक्षा पुढे काही वर्षे, बहुधा नोकरी सांभाळून, एकेक करून द्याव्या लागतात. नापास होणारे पुष्कळ. पुन्हा बसणारेही पुष्कळ. चिकाटी नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. आणि आणखी एक गोष्ट, जी परीक्षेच्या पेपरात येत नाही. मालकाला न आवडणारा आकडा त्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य लागते.

गुरुजी, या शास्त्रात आपलाही वाटा आहे. नॉयमान यांची वही खरी होती, म्हणून हॅलींचे कोष्टक खरे उतरले. आपल्याकडे किती मुलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी पडली! आईला पोळ्यानंतरची अमावास्या आठवत होती, पण शाळा जूनमध्ये उघडत होती, म्हणून तीच तारीख लिहिली गेली. १९६९ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली आहे. गावात मूल जन्मले, म्हातारे माणूस गेले, की ग्रामपंचायतीत नोंद होते ना, एवढे पाहावे. पीक विम्याचेही तेच. पीक कापणीच्या प्रयोगात वजनकाट्यावर जे लिहिले जाईल, त्यावर साऱ्या मंडळाची भरपाई अवलंबून असते. शहरातल्या कचेरीत बसलेला विमागणितज्ञ कितीही हुशार असो, त्याचे गणित उभे असते ते गावच्या दप्तरावर. तिथली ओळ खोटी पडली, तर वचन दिलेल्या विधवेचा हिशेबही खोटा पडतो.