शत्रूच्या आईचे पत्र

श्रोतेहो, लढाईची गोष्ट बहुधा जिंकणारा सांगतो. हरलेल्याची बाजू त्याच्याबरोबरच मातीत जाते. पण २००६ साली क्लिंट ईस्टवुड या अमेरिकन दिग्दर्शकाने उलटेच केले. 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' या चित्रपटात त्याने जपानी सैनिकांची कहाणी त्यांच्याच भाषेत सांगितली.

इवो जिमा हे टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १,२०० किलोमीटरवरचे गंधकाचे बेट. पावसाचे पाणी साठवावे, तेव्हा कुठे प्यायला मिळायचे. तिथे जनरल कुरिबायाशी यांनी डोंगर पोखरून भुयारे खणवली. १९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन फौजा उतरल्या. पाच आठवड्यांच्या लढाईत सुमारे २१,००० जपान्यांपैकी हजारभरच वाचले. अमेरिकेचेही जवळजवळ ७,००० जवान कामी आले.

चित्रपटातले कुरिबायाशी मरण समोर दिसत असताना घरी लिहितात, की स्वयंपाकघराची जमीन दुरुस्त करायची राहूनच गेली!

पुढे एक जखमी अमेरिकन कैदी मरतो. त्याच्या आईचे पत्र जपानी अधिकारी मोठ्याने वाचून दाखवतो. ऐकणारे शिपाई गप्प होतात. अरे, आपल्या आईनेही हेच लिहिले होते की!

एवढ्याने जपानी लष्कराने १९३७ साली नानकिंगमध्ये केलेली कत्तल माफ होत नाही. गुरुजनहो, ती मुलांना सांगायलाच हवी. पण त्याच तासाला हे पत्रही सांगा. अपराध विसरला काय किंवा आई विसरली काय, इतिहास अर्धाच राहील.