मुक्त विद्येची वाट

विद्या दिल्याने वाढते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो; परंतु ती कोणास द्यावयाची, याविषयी समाजाचा हात फार काळ आखडताच राहिला. इसवी सन १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यास आपल्या घरी शेतकरी व मजूर यांच्याकरिता रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यास सवड नसते, तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा तीमागील विचार. महाराष्ट्रातील मुक्त शिक्षणाचे बीज येथे पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या बीजाचा विद्यापीठरूपी वृक्ष होण्यास मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आंध्र प्रदेशात १९८२ साली; आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा उदय झाला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद, आणि डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. शालेय प्रमाणपत्र नसलेल्या प्रौढासही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या वर्गात येता यावे, अशी प्रारंभीची योजना होती.

या योजनेचे मोल राजूरसारख्या गावी ध्यानात येते. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ वसलेले हे गाव कोळशाच्या खाणींमुळे ओळखले जाते. खाणीचे काम पाळ्यांनी चालते. आज दिवसपाळी, तर पुढल्या आठवड्यात रात्रपाळी, असे ज्याचे जिणे, त्यास ठराविक वेळी भरणारे महाविद्यालय असून नसल्यासारखेच. मुक्त विद्यापीठाने पुस्तक त्याच्या घरी धाडले, आणि अडलेले समजावून देण्यास अभ्यासकेंद्रावर संमंत्रक नेमला.

पुढे विद्या आंतरजालावर आली. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००१ साली आपले पाठ सर्वांस खुले करण्याचे घोषित केले. भारत सरकारने २०१७ साली 'स्वयम्' हे व्यासपीठ उघडले. तेथे शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क तेवढे भरावे लागते. नामवंत अध्यापकाचे व्याख्यान पाळी संपवून आलेल्या मनुष्यास मध्यरात्रीही ऐकता यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु दुसरी बाजूही पाहणे अवश्य आहे. हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या खुल्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार २०१७-१८ मध्ये नावे नोंदविणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच शेवटास पोहोचले. कोणी केवळ कुतूहलाने डोकावले असतील, हे खरे; तथापि पुष्कळांची उमेद मध्येच खचली असणार. आपल्याकडे इंग्रजी व्याख्यानांची अडचण आणखी. शंका आली, तर विचारावे कोणास? अशा वेळी सोडून देणारा मनुष्य दोष स्वतःच्या बुद्धीस देतो, आणि पुन्हा त्या वाटेस जात नाही. हीच खरी हानी होय.

जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्यासमोर शिकविणारा बसलेला असे. नाशिकच्या विद्यापीठाने संमंत्रक दिला. नव्या व्यवस्थेत ही जागा बहुधा रिकामी राहिली आहे. ती भरण्यास फार द्रव्य नको. गावोगावच्या वाचनालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ जाणत्यांनी नवशिक्यांसमवेत बसावे, इतके झाले तरी पुष्कळ होईल. दार उघडले आहे. आत येणाऱ्यास 'बसा' म्हणणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे.