वेबसाइट उघडते, पण जाहिरात वाचता येत नाही! सरकारी संकेतस्थळ ‘सुगम्य’ असणं म्हणजे नेमकं काय?

समजा, पालम तालुक्यातल्या एका दृष्टिहीन तरुणाला सरकारी भरतीची जाहिरात वाचायची आहे. मोबाईलवरचं टॉकबॅक त्याला वेबसाइटचा मेन्यू वाचून दाखवतं, जाहिरातीची लिंकही सांगतं. पण पीडीएफ उघडली की आवाज थांबतो, कारण ती स्कॅन केलेली असते. अर्जाची शेवटची तारीख त्याला आता दुसऱ्या कुणाला तरी विचारावी लागते.

जिल्ह्याची वेबसाइट कोण बनवतं?

परभणीसह देशभरातल्या जिल्ह्यांच्या वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एस-थ्री-वास’ या यंत्रणेवर चालतात. या नावातल्या तीन ‘एस’पैकी एक ‘सुगम्य’ शब्दाचा आहे. अक्षरं लहान-मोठी करणं, रंगांचा कॉन्ट्रास्ट बदलणं, थेट मुख्य मजकुरावर जाणं अशा सोयी या साच्यातच असतात. म्हणजे पाया तयार मिळतो. पण त्यावर रोज चढणाऱ्या जाहिराती, याद्या आणि आदेश त्या-त्या कार्यालयातून येतात, आणि खरी अडचण इथेच होते.

अडचण नेमकी कुठे?

कागदावर सही-शिक्का झाला की तो स्कॅन करून अपलोड करायचा, ही जुनी सवय. स्कॅन म्हणजे फोटो. त्यातली अक्षरं स्क्रीन रीडरला थेट वाचता येत नाहीत. ओसीआरने मजकूर काढता येतो, पण पुसट शिक्के आणि तक्ते असले की चुका होतात.

मराठीची आणखी एक अडचण म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. त्यामुळे स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी वाचतो.

प्रश्न फक्त दृष्टिहीनांचा नाही. कर्णबधिरांना व्हिडिओखाली मजकूर हवा. हात नीट चालत नसलेल्यांना माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर फॉर्म भरता यायला हवा. चित्रातला कॅप्चा असेल, तर त्याला आवाजाचा पर्याय हवा. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग आहेत.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२नुसार माहिती सुगम्य स्वरूपात उपलब्ध करून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. सरकारी वेबसाइटसाठी ‘जीआयजीडब्ल्यू’ ही मार्गदर्शक तत्त्वं २००९मध्ये आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ची आहे.

८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला.

उपाय किती अवघड आहे?

फार नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा आणि प्रिंट काढून स्कॅन करण्याऐवजी फाइल थेट पीडीएफ म्हणून सेव्ह करायची. सही डिजिटल करता येते. स्कॅन प्रत द्यावीच लागली, तर तोच मजकूर पानावरही टाकायचा. फोटोंना वर्णन आणि लिंकला नाव द्यायचं. नुसतं ‘येथे क्लिक करा’ ऐकून ती लिंक कशाची आहे ते कळत नाही.

तुम्ही कसं तपासाल?

पीडीएफमधला एखादा मराठी शब्द सिलेक्ट करा. होत नसेल, तर ती फाइल फोटो आहे. होत असेल, तर तो कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीऐवजी भलतीच अक्षरं आली, तर फॉन्ट जुना आहे. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब बटणावर फॉर्म भरून बघा.

अडलात, तर फाइलचं नाव आणि तारीख लिहून संबंधित कार्यालयाला कळवा. दाद मिळाली नाही, तर दिव्यांग व्यक्तींना पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. एका कार्यालयाने स्कॅनची सवय सोडली, तरी पालमच्या त्या तरुणाला शेवटची तारीख स्वतःच ऐकता येईल.