‘हरिजन’ शब्दावरून झालेला सभात्याग
#थ्रेड

जानेवारी १९३८. मुंबई प्रांताच्या विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक चर्चेस आले होते. विषय तसा रुक्षच. परंतु त्यातील एका कलमात अस्पृश्य समाजाचा उल्लेख ‘हरिजन’ असा होता, आणि त्या एका शब्दावरून सभागृह तापले.

वरकरणी शब्द गौरवाचा. हरीचा जन, देवाचा माणूस. पुणे करारानंतर गांधीजींनी तो देशभर रूढ केला. १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिकही काढले. मग आक्षेप कशासाठी?

नाशिकचे भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी सभागृहात विचारले की, अस्पृश्य जर देवाची माणसे, तर स्पृश्य काय राक्षसांची? प्रश्नात उपहास होता, पण वर्म नेमके सापडले होते. ज्याला पाणवठ्यावर येऊ दिले जात नाही, त्याला गोड नाव दिल्याने पाणवठा खुला होत नाही.

मित्रहो, येथे थोडे मागे जाऊ. १९३२ मध्ये मताधिकार समितीला दिलेल्या टिपणात डॉ. आंबेडकरांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या सरकारी संज्ञेवरही हरकत घेतली होती. त्या संज्ञेमुळे सारा समाज दीन आणि असहाय असल्याचा समज होतो, हे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी त्यांनी सुचवलेल्या संज्ञांचा अर्थ होता बाहेर ठेवलेल्या, वगळलेल्या जाती. १९२७ च्या त्यांच्या पाक्षिकाचे नाव आठवा: ‘बहिष्कृत भारत’. दया नको, स्तुतीही नको. समाजाने काय केले तेवढेच नावाने सांगावे. मला तरी हा बारकावा गायकवाडांच्या कोटीहून मोलाचा वाटतो.

बरे, १९३८ मध्ये दुसरा शब्दच नव्हता असेही नाही. १९३५ च्या कायद्याने ‘अनुसूचित जाती’ ही कोरडी, कोणालाही न डिवचणारी संज्ञा दिलेली होती.

तरीही बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारकडे बहुमत होते आणि आक्षेप मतांच्या बळावर फेटाळला गेला. नाव ज्यांचे ठरत होते, त्यांचाच विरोध मोजणीत हरला. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद उठून सभागृहाबाहेर पडले.

जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ लिहू नये, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने दिली ती १९८२ मध्ये. दादासाहेब गायकवाड १९७१ मध्येच निवर्तले होते.