मॅल्व्होलिओचें भूत आणि त्याचे प्रेक्षक

विंझरच्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहांत शेक्सपिअरच्या नाटकांच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीची (इ. स. १६३२) एक प्रत आहे. ती राजा पहिला चार्ल्स याची. 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकाच्या नांवाशेजारीं राजानें स्वहस्तें एकच शब्द लिहून ठेविला आहे : 'मॅल्व्होलिओ.' नायिका व्हायोला, तिचा पुरुषवेष, जुळ्या भावंडांमुळें उडणारा घोटाळा, ड्यूकची विरहव्यथा, हें सारें बाजूला राहिलें आणि राजाच्या मनांत घर करून बसला तो एका बड्या घरचा कारभारी. या कारभाऱ्याला भूत लागल्याची आवई उठवून त्याला अंधाऱ्या खोलींत कोंडतात, व खोटा पाद्री आणून तें भूत काढण्याचा तमाशा करतात. भूतबाधेची अशी उघड थट्टा करणारा हा प्रवेश पाहून निरनिराळ्या काळचे लोक काय म्हणाले, हें पाहण्यासारखें आहे. एखाद्या विनोदी नाटकावरील प्रेक्षकांचीं मतें चारशें वर्षें हातीं लागावींत असा योग फार थोडा.

ज्यांनीं नाटक वाचलेलें नसेल त्यांच्यासाठीं थोडी हकीकत दिली पाहिजे. ऑलिव्हिया नांवाच्या श्रीमंत उमरावकन्येच्या घरीं मॅल्व्होलिओ कामाला. शिस्तीचा कडक, हिशेबाला चोख, परंतु स्वतःवर बेहद्द खूष. मध्यरात्रीं दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या सर टोबीला तो फटकारतो. हा टोबी नात्यानें धनिणीचा काका, तेव्हां तेथेंच वैर पडतें. धनिणीच्या तैनातींतली मराया तिच्या अक्षरासारखें अक्षर काढून एक प्रेमपत्र लिहिते आणि तें कारभाऱ्याच्या वाटेंत टाकते. पत्रांतील सूचनेप्रमाणें पिवळे मोजे चढवून, त्यांवर आडव्यातिडव्या पट्ट्या आवळून, अवेळीं हंसत हा गृहस्थ धनिणीपुढें उभा राहतो. तिला वाटतें याचें डोकें फिरलें.

येथपर्यंतचा विनोद कोणत्याहि देशांत चालेल. पुढचा मात्र त्या काळच्या इंग्लंडचा आहे. टोबीची टोळी म्हणते, हें नुसतें वेड नव्हे. याच्या अंगांत सैतान शिरला आहे. कोणी त्याला प्रार्थना म्हणावयास सांगतो, कोणी म्हणतो त्याचें मूत्र जाणत्या बाईकडे तपासायला पाठवा. मग अंधारी खोली. विदूषक फेस्टी झगा चढवितो, खोटी दाढी लावतो, आणि 'सर टोपस' नांवाचा पाद्री होऊन आंतल्या सैतानाला मोठ्यानें दटावतो. कैदी काकुळतीनें सांगतो कीं येथें अंधार आहे. पाद्री सांगतो कीं खिडक्या आहेत, लख्ख उजेड आहे. शहाणपणाची परीक्षा म्हणून प्रश्न येतो : पायथॅगोरसचें मत काय? आजीचा आत्मा एखाद्या पक्ष्याच्या देहांत वस्तीला येऊं शकतो, हें मत मॅल्व्होलिओ बिनचूक सांगतो, आणि आपल्याला तें मान्य नाहीं असेंहि सांगतो. मग रहा अंधारांत, असा निकाल मिळतो. पुनर्जन्म मानीत नाहीं म्हणून ख्रिस्ती माणसाला पाद्र्याकडून मिळालेली ही शिक्षा वाचून आपल्याकडच्या वाचकाला एक निराळेंच हंसूं येतें. पण तें असो.

हा प्रवेश निव्वळ कल्पनेंतून उपजलेला नाहीं. इ. स. १५९७ च्या नोव्हेंबरांत नॉटिंगहॅम येथें विल्यम सॉमर्स नांवाच्या, एका वादकाकडे उमेदवारी करणाऱ्या पोराला झटके येऊं लागले. जॉन डॅरेल या प्यूरिटन धर्मोपदेशकाला पाचारण झालें. उपवास आणि प्रार्थना यांच्या बळावर सैतान काढणारा म्हणून त्याचा आधींच बोलबाला होता. त्याच वर्षीं लँकेशरमधील एका घरांतल्या सात जणांना त्यानें हात घातला होता. सॉमर्सच्या कातडीखालून गांठ फिरते, त्याच्या तोंडाला फेस येतो, असें लोक सांगत, आणि पाहायला गर्दी लोटे. पुढें पोरानें कबुली दिली कीं हें सारें सोंग; मग ती कबुली मागें घेतली; मग पुन्हां दिली. डॅरेलला धर्माधिकाऱ्यांच्या मंडळापुढें उभें करण्यांत आलें आणि १५९९ मध्यें त्याचें उपाध्येपण काढून घेऊन त्याला तुरुंगांत ठेवण्यांत आलें. लंडनच्या बिशपचा चॅप्लिन सॅम्युएल हार्सनेट यानें त्याच वर्षीं या प्रकरणावर पुस्तक लिहून डॅरेलची यथास्थित हजेरी घेतली.

याच हार्सनेटनें १६०३ मध्यें दुसरें पुस्तक लिहिलें तें कॅथलिक पाद्र्यांवर. डेनम येथें १५८५-८६ च्या सुमारास कांहीं पाद्री गुप्तपणें भुतें काढीत. घरकाम करणाऱ्या कोवळ्या मुलींना खुर्चीला बांधावयाचें, दारू, तेल आणि सताप यांचें मिश्रण बळेंच पाजावयाचें, आणि तोंडाखालीं गंधकाचा धूर धरावयाचा, असा तो विधि. पुस्तकांत त्या मुलींच्या स्वतःच्या जबान्या आहेत. त्या वाचतांना हार्सनेटची उपहासाची धार विसरून जावी आणि फक्त त्या मुली दिसाव्यात, असें निदान मला तरी झालें. हार्सनेटला मात्र यांत दिसलें तें नाटक; हें भूत काढणें म्हणजे रंगभूमीवरचा खेळ आहे हा त्याचा लाडका मुद्दा. शेक्सपिअरनें हें पुस्तक वाचलें होतें : 'किंग लिअर'मध्यें वेड्याचें सोंग घेतलेला एडगर ज्या चमत्कारिक नांवांच्या भुतांचा उच्चार करतो त्यांतील बरींच नांवें येथूनच आलेलीं आहेत. १६०४ च्या धर्मनियमांत तर बिशपच्या परवान्यावांचून कोणाहि उपाध्यायानें भूत काढूं नये असें कलमच घालण्यांत आलें.

तेव्हां भूत काढणाऱ्याची टिंगल करणें हें त्या काळीं धाडसाचें काम नव्हतें. चर्चच्या वरिष्ठांचें मत तेंच होतें. नाटककारानें एक खोडी अधिक केली. डॅरेल प्यूरिटन, आणि मरायाच्या तोंडीं मॅल्व्होलिओलाहि एके ठिकाणीं प्यूरिटन म्हटलें आहे. म्हणजे भूत काढणाऱ्यांच्या गोटांतलाच माणूस येथें भूत लागलें म्हणून कोंडला गेला आहे, आणि भूत काढतो आहे विदूषक. या थट्टेचा रोख सर टोपसच्या झग्यावर आहे, आंतल्या कैद्यावर नाहीं, असें पुस्तक हातांत घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतें. प्रेक्षकांना काय वाटलें?

या नाटकाची सर्वांत जुनी साक्ष जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याची आहे. २ फेब्रुवारी १६०२ रोजीं लंडनच्या मिडल टेंपल या संस्थेंत सणाच्या मेजवानीच्या वेळीं त्यानें प्रयोग पाहिला आणि रोजनिशींत टिपण केलें. ही रोजनिशी १८६८ मध्यें छापून निघाली. नाटक प्लॉटसच्या जुळ्या भावांच्या नाटकासारखें आहे आणि एका इटालियन नाटकाला त्याहून जवळचें आहे, असा शेरा प्रथम येतो. ही विद्यार्थ्याची विद्वत्ता. ऑलिव्हियाला तो विधवा समजला आहे; हें विद्यार्थ्याचें लक्ष. मग त्याला जें खरोखर आवडलें तें येतें : धनीण आपल्यावर भाळली आहे असें कारभाऱ्याला भासविणें, तें खोटें पत्र, त्यांतल्या हंसण्याच्या नि पोषाखाच्या सूचना, आणि तो तसें वागूं लागला म्हणजे त्यालाच वेडा ठरविणें. भूत, सैतान, पाद्री यांतलें अक्षरहि नाहीं. डॅरेलचा निकाल लागून तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि लिहिणारा कायदा शिकणारा. तरी त्याला सर टोपस आठवला नाहीं. आठवला तो फजीत झालेला नोकर.

पुढील चाळीस वर्षांची साक्ष हीच. १६२३ मध्यें दरबारांत प्रयोग झाला तेव्हां खेळाची नोंद 'मॅल्व्होलिओ' याच नांवानें झाली. १६४० मध्यें छापलेल्या एका कवितेंत लिओनर्ड डिगिस सांगतो कीं त्या पट्ट्या आवळलेल्या मूर्खाला पाहावयास नाट्यगृह खच्चून भरतें. विनोदाचा बाण पाद्र्यावर सोडला आणि लागला रोग्याला. माझ्या मतें यांत प्रेक्षकांचा दोष थोडा. झगा घातलेला फेस्टी हा त्यांच्यातलाच एक. तो टाळ्या घेतो. जो दिसत नाहीं, ज्याचा केवळ आवाज ऐकूं येतो, त्याच्याशीं हातमिळवणी कोण करणार?

बेन जॉन्सननें ही अडचण ओळखली असावी. 'द डेव्हिल इज अॅन अॅस' (१६१६) या त्याच्या नाटकांतील फिट्झडॉट्रेल आपली मिळकत सोडविण्यासाठीं स्वतःच भूत लागल्याचें सोंग करतो. फेसासाठीं साबण वगैरे साहित्य त्याला पुरविण्यांत येतें, आणि डॅरेलचें नांवहि निघतें. येथें झपाटलेला लबाडच आहे, तेव्हां प्रेक्षकानें मनमोकळें हंसावें. पण त्याच सालच्या जुलैमध्यें लेस्टर येथें एका मुलाच्या झटक्यांवरून नऊ बायकांना चेटकिणी म्हणून फांशीं देण्यांत आलें होतें, आणि महिन्याभरानें खुद्द राजा जेम्स यानें त्या मुलाचें सोंग उघडकीस आणलें होतें. हें ठाऊक झाल्यावर तो साबण पूर्वीइतका हंसवीत नाहीं.

१६४२ मध्यें पार्लमेंटनें नाट्यगृहें बंद केलीं, आणि १६४९ मध्यें त्या प्रतीच्या धन्याचा शिरच्छेद झाला. शेवटच्या प्रवेशांत मॅल्व्होलिओ साऱ्या टोळीचा सूड घेईन म्हणून निघून जातो. तो सूड त्यानें असा घेतला, असें वर्गांत सांगणारे प्राध्यापक पुष्कळ. मला ही चतुराई पटत नाहीं. इतिहास पंतोजीच्या सोयीनें चालत नसतो. नाट्यगृहें पुन्हां उघडल्यावर सॅम्युएल पेपीस यानें हें नाटक तीनदां पाहिलें. १६६१ त त्याचें लक्षच नव्हतें, कारण पत्नीवांचून नाटकाला न जाण्याची शपथ मोडल्याची टोचणी लागली होती. १६६३ त त्याला तें वेडगळ वाटलें. १६६९ त आपण पाहिलेल्या अत्यंत दुबळ्या नाटकांपैकीं एक, असा शेवटचा शेरा. तीनदां जाऊन ही तक्रार करणारा प्रेक्षक कोणत्याहि काळांत भेटतो.

खरें वळण लागलें तें चार्ल्स लॅम याच्या लेखांत. जुन्या नटांविषयींच्या १८२२ मधील निबंधांत त्यानें रॉबर्ट बेन्स्ली या नटाचा मॅल्व्होलिओ वर्णिला आहे. लॅम म्हणतो कीं हें पात्र मूळचें हास्यास्पद नव्हे. तो मानी, सचोटीचा माणूस आहे. आणि बेन्स्लीच्या हातीं असतांना त्याचा शेवट पाहून आपल्याला शोकान्त नाटकासारखें कांहीं वाटे. अंधाऱ्या खोलींतहि त्याचा मोठेपणा सुटत नाहीं, त्या तथाकथित सर टोपसला तो पायथॅगोरसवर कसें बाणेदार उत्तर देतो, हें लॅमनें मुद्दाम नमूद केलें आहे. दोनशें वीस वर्षांत कोंडलेल्या माणसाचें बोलणें ऐकून घेणारा हा पहिला प्रेक्षक. लॅमनें बेन्स्लीच्या नांवावर आपल्याच मनांतला मॅल्व्होलिओ खपविला, असें कांहीं टीकाकार म्हणतात. खपविलाहि असेल. परंतु १७९५ च्या अखेरीस व पुढील वर्षाच्या आरंभीं लॅम स्वतः सहा आठवडे हॉक्सटन येथील वेड्यांच्या इस्पितळांत होता. आणि १७९६ च्या सप्टेंबरांत त्याच्या बहिणीनें, मेरीनें, वेडाच्या भरांत आईचा जीव घेतला. त्यानंतर जन्मभर त्यानें तिला संभाळलें. झटका येण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं म्हणजे तोच तिला इस्पितळांत पोंचवी. निबंधांत यांतलें एक अक्षर नाहीं. बंद दाराची दुसरी बाजू ठाऊक असलेल्या माणसानें तो लिहिला आहे, एवढें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

१८८४ च्या जुलैमध्यें हेन्री आयर्विंग यानें लायसियम नाट्यगृहांत हीच वाट धरली. त्याचा मॅल्व्होलिओ गवतावर पडून विव्हळत होता. पहिल्याच रात्रीं शेवटीं प्रेक्षकांतून धिक्काराचे आवाज उठले, आणि आयर्विंगनें रंगमंचावरून त्यांना बोल लाविले. पैसे देऊन हंसावयास आलेल्या माणसाला हें बघ तूं काय करीत होतास असें दाखविलें तर तो चिडणारच. पुढच्या काळांत हा प्रवेश करुण करण्याची रीतच पडली. ती कित्येकदां इतकी ताणतात कीं मग विनोद उरत नाहीं, आणि विनोद गेला कीं नाटकांतील क्रूरपणाहि दिसेनासा होतो. प्रेक्षक अगोदरच सुतकी चेहरा करून बसतो, त्याला स्वतःचें हंसणें आठवावें लागत नाहीं.

हें नाटक मी पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहें, आणि सर टोपसचें भाषण हा माझा हातखंडा होता. नाकांत बोलून, स्वर लांबवून वाचलें कीं मागच्या बांकापर्यंत हंशा पिके. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यानंतरच्या एका वर्षींची गोष्ट. पार्श्वभूमि म्हणून डेनमच्या मुलींची हकीकत मी सांगितली : खुर्ची, तें पेय, गंधकाचा धूर. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे मिरच्यांची धुरी देतात. माझ्या आत्याला दिली होती." नव्या कायद्याच्या अनुसूचींत भूत उतरविण्याच्या मिषानें दोरानें वा सांखळीनें बांधणें आणि मिरचीची धुरी देणें यांचा नांवानिशीं उल्लेख आहे, हें मी तिला सांगितलें. तिला तें ठाऊक होतें. तिला विचारावयाचें होतें तें निराळेंच. "मॅल्व्होलिओ आंतून मेणबत्ती आणि कागद मागतो. तो विदूषक त्याला तें आणून देतो ना, सर?" मी म्हटलें, देतो, पत्र बऱ्याच उशीरां धनिणीच्या हातीं पडतें, आणि ऐकणाऱ्याला तें वेड्याचें वाटत नाहीं. "आत्याला लिहितां येत नव्हतें," ती म्हणाली, आणि वही घेऊन गेली.

तेव्हांपासून तो प्रवेश वाचतांना मी पाद्र्याचा आवाज काढीत नाहीं. वर्ग पूर्वीइतका हंसत नाहीं, आणि याची मला थोडी चुटपुट लागते, हेंहि खरें.