रबर, कातडे आणि राबणारे हात

शिरड शहापूर हे माझे गाव. १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी ते परभणी जिल्ह्यात होते. माझे आजोबा या गावात कातडी कमावत आणि विहिरीवरच्या मोटा शिवत. आम्हा ढोरांचा हा पिढीजात धंदा. त्या मोटेच्या पाण्यावर गावचे मळे भिजत. पण मोट शिवणाऱ्याला विहिरीला शिवता येत नसे. घरातला पहिला पदवीधर मी. आज महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. रबराचे प्रकरण शिकवताना दरवर्षी मला आजोबांचे कातड्याचे कुंड आठवते. त्याचे कारण भावनेचे नाही, रसायनाचे आहे.

रबराच्या झाडाला खाच पाडली की दुधासारखा चीक गळतो. त्यात साधारण एक तृतीयांश रबर, बाकी बहुतेक पाणी. रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीन या लहान घटकाच्या हजारो कड्यांची साखळी. या साखळ्या गुंतवळासारख्या गुंडाळलेल्या असतात. ताणल्या की सरळ होतात, सोडल्या की पुन्हा गुंडाळतात. हीच रबराची लवचिकता. मात्र कच्च्या रबरातल्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. म्हणून ते उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळले की, गंधक मिसळून तापवल्यास हा दोष जातो. गंधकाचे अणू साखळ्यांच्या मध्ये पूल बांधतात. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक दिले तर लवचिक रबर मिळते. तीसेक भाग दिले तर लाकडासारखे कठीण एबोनाइट. रोमन अग्निदेवाच्या नावावरून या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात.

आता आजोबांच्या कुंडात काय घडत होते ते पाहा. चुन्यात घालून केस काढलेले कातडे ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवत. त्यांतले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू एकमेकांशी जखडून टाकते आणि कातडे कुजायचे थांबते. रसायने वेगळी, बंधांचा प्रकार वेगळा. पण सुटे धागे बांधून टिकाऊ वस्तू करण्याचे तत्त्व तेच. “साल कमी पडली की मोट वर्षातच कुजती, लेकरा,” असे आजोबा म्हणत. प्रमाण आणि परिणाम यांचा हा संबंध त्यांना हातांनी ठाऊक होता. पण गुडइयरला पेटंट मिळाले आणि आजोबांकडे पाहून गावाने नाक दाबले. मध्य अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचेही तेच झाले. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास ते रबराचे चेंडू करत होते. चिकात एका वेलीचा रस मिसळून तो घट्ट करण्याची त्यांची रीत पुढे स्पॅनिश लोकांनी नोंदवून ठेवली. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आज आपल्याला माहीत नाही.

पाठ्यपुस्तकात रबराचे गुणधर्म असतात. ते कोणाच्या हातांनी काढले याचा हिशेब नसतो. १८८५ ते १९०८ या काळात काँगो ही बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होती. रबराचा ठरवून दिलेला भार न भरणाऱ्या गावांवर सैनिक घातले जात, आणि गोळ्या वाया घालवल्या नाहीत याचा पुरावा म्हणून माणसांचे तोडलेले हात वरिष्ठांपुढे ठेवले जात. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया इंग्लंडला नेल्या. त्यांच्या रोपांतून सिलोन-मलायाचे मळे उभे राहिले. त्या मळ्यांवर राबायला तमिळ मजूर नेले गेले आणि त्यांत अस्पृश्य जातींची माणसे मोठ्या संख्येने होती.

मग प्रयोगशाळेने या हातांची सुटका केली काय? ब्युटाडाइन आणि स्टायरीन यांपासून जर्मनीत ब्यूना रबर तयार झाले. १९४२ साली जपानने मलाया जिंकल्यावर अमेरिकेनेही त्याच जातीच्या रबराचे कारखाने उभारले. भारतात बरेली येथे १९६३ साली असा कारखाना सुरू झाला. आज जगात वापरल्या जाणाऱ्या रबरापैकी निम्म्याहून थोडे अधिक कृत्रिम आहे. पण ऑशविट्झजवळ आय. जी. फारबेन कंपनीने ब्यूनाचा कारखाना बांधायला घेतला, तेव्हा छळछावणीतले कैदी, मुख्यतः ज्यू, राबवले. हजारोंचे प्राण गेले आणि ब्यूना रबर तिथून कधीच बाहेर पडले नाही. झाड गेले, प्रयोगशाळा आली. वेठ तशीच राहिली.

आमच्या गावातही काही वेगळे घडले नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर शिवारात इंजिने आणि विजेचे पंप वाढत गेले. रबरी पट्टा आला, रबरी वायसर आले, मोट गेली. आजोबांचे कुंड कोरडे पडले. वडिलांनी रापी घेतली ती ट्रकचे जुने टायर कापून चपला करण्यासाठी. गंधकाच्या पुलांमुळे टायर वितळवून पुन्हा ओतता येत नाही. तो कापावाच लागतो. काजळी घातलेले ते रबर झिजता झिजत नाही. कातडे जाऊन रबर आले, पण गावाच्या तोंडी आमची हाक तीच राहिली. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली, होऊ न दिलेल्या भाषणात मांडले होते. त्याचा अर्थ मला वडिलांच्या रापीपाशी कळला. वस्तू बदलल्याने ही विभागणी मोडत नाही.

१८९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या रुग्णालयात औषधाने एका परिचारिकेचे हात सोलले, तेव्हा डॉ. हॉलस्टेड यांनी तिच्यासाठी रबरी हातमोजे करवून घेतले. आपल्या देशात सफाई कामगाराला संरक्षक साधने देण्याचे नियम २०१३ साली झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या कामास माणूस नेमण्यावर आणि गटारात धोकादायक सफाईसाठी उतरवण्यावर बंदी घातली. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरी माणसे मरतच आहेत. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू श्वासावाटे मारतो. त्याला हातमोजा अडवू शकत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन प्रश्न विचारायला सांगतो. हा पदार्थ कशाचा आहे, हा पहिला. तो कोणाच्या हातांनी येतो आणि कोणाच्या हातांना मिळत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळेल. दुसऱ्याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागेल, आणि बदलावेही लागेल.